तांबड्या रंगाचा हिशेब

म्हैसूर शहरातील चेलुवांबा महालात १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था कार्यरत आहे. अन्न टिकवावे कसे आणि त्यातील पोषणमूल्य जपावे कसे, याचा अभ्यास तेथे चालतो. त्याच शहरात घरोघरी जेवणात टोमॅटोचे रसम असते. त्याला तांबडेपणा देणाऱ्या द्रव्याचे नाव लायकोपीन.

गाजरातील बीटा-कॅरोटीनचे हे सख्खे भावंड. मात्र बीटा-कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते, तसे लायकोपीनपासून होत नाही. शंभर ग्रॅम कच्च्या टोमॅटोत ते साधारण अडीच ते तीन मिलिग्रॅम असते. कलिंगडात साडेचार, तर लाल गराच्या पेरूत सुमारे पाच. म्हणजे साधा पेरूही टोमॅटोला मागे टाकतो! पण तांबडे ते सारे लायकोपीन नव्हे. स्ट्रॉबेरी, डाळिंब व बीट यांचे रंग निराळ्याच द्रव्यांचे आहेत. टोमॅटोतही ते हवामानावर अवलंबून असते. पारा तीस-बत्तीस अंशांवर गेला की त्याची निर्मिती मंदावते व फळ पिवळसर राहते.

धनादेश हाती येणे वेगळे आणि तो वटणे वेगळे. लायकोपीनचेही तसेच आहे. कच्च्या फळात ते पेशींत अडकलेले असते; शिजवल्याने मोकळे होते. शिवाय ते पाण्यात नव्हे, स्निग्धांशात विरघळते. रसमावरील तुपाची फोडणी किंवा मराठी घरातील टोमॅटोच्या सारात घातलेले नारळाचे दूध म्हणूनच केवळ चवीपुरते नसते.

१९९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांना टोमॅटोचे पदार्थ वारंवार खाणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले. पुढे लायकोपीनच्या गोळ्या बाजारात आल्या. मात्र २००५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पुरावे तपासले, तेव्हा लायकोपीनमुळे कर्करोगाचा धोका कमी होतो या दाव्यास विश्वासार्ह आधार आढळला नाही. निवृत्तिवेतनातून या गोळ्यांवर दरमहा खर्च करणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांनी हे ध्यानात घ्यावे. पैसा जातो तो जातोच. लघवीचा त्रास असताना गोळ्यांच्या भरवशावर वैद्यकीय तपासणी लांबवणे अधिक घातक.

अतिरेकाचीही नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. रोज सुमारे दोन लिटर टोमॅटोचा रस अनेक वर्षे पिणाऱ्या एका महिलेची त्वचा नारिंगी झाल्याची हकीकत १९६० मध्ये प्रसिद्ध झाली होती.