एक टीव्ही, एक मोबाइल आणि तिसरीचा वर्ग

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तंत्रज्ञान म्हणजे भिंतीवरचा टीव्ही आणि माझा मोबाइल. तेवढ्यावर बरंच भागतं.

पाठ्यपुस्तकातला तो काळा-पांढरा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, 1994 साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला तयार झाला. कोपऱ्यांतल्या तीन ठळक चौकोनांमुळे पुस्तक उलटं धरलं तरी कॅमेऱ्याला दिशा कळते. त्यात व्हिडिओ नसतो, व्हिडिओचा पत्ता असतो. म्हणून इंटरनेट लागतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड जोडले. 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं.

आमच्याकडे रेंजची बोंब, म्हणून व्हिडिओ मी घरूनच डाउनलोड करून आणते. मध्येच थांबवून विचारते, ‘‘पुढं काय होईल?’’ नाहीतर मुलं टीव्हीसमोर मख्ख बसून राहतात.

सगळ्यात कामाचा मात्र मोबाइलमधला साधा रेकॉर्डर. मुलं धडा वाचतात, मग स्वतःचाच आवाज ऐकतात. ‘‘बाई, मी पूर्णविराम खाल्ला!’’ एक पोरगी ओरडली आणि परत वाचायचा हट्ट धरून बसली. तेच मी सांगितलं असतं तर तोंड पाडलं असतं.

हातच्याची बेरीज शिकवताना मात्र टीव्ही बंद. दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा बांधला, की दशक आधी हाताला कळतं, मग डोक्याला. तिथं पडद्याचं काही काम नाही.