म्हणींतला घरखर्च

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण खर्चाबद्दल आहे, पण तिच्यात पैशाचे नावही नाही. हिंदीत हेच सांगताना चादर पाहतात. मराठीने अंथरूण निवडले. सारवलेल्या जमिनीवर घोंगडी किंवा वाकळ टाकून झोपणाऱ्याचा पाय बाहेर गेला की त्याला गार भुई लागते आणि तो झोपेतही पाय आत घेतो. ऐपत म्हणजे काय, हे इतक्या सोप्या रीतीने क्वचितच कोणी सांगितले असेल. शिवाय म्हण पाय आखडायला सांगत नाही. असेल तेवढ्या अंथरुणावर खुशाल पसरावे, एवढी मोकळीक तिच्यात आहे.

‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ या म्हणीतले आकडे नेमके आहेत. चार आणि बारा मिळून सोळा आणे, म्हणजे पुरा एक रुपया. त्यातले तीन हिस्से मसाल्यात गेले. रुपया खर्च झाला याबद्दल म्हणीची तक्रार नाही, तो कशावर गेला याबद्दल आहे. म्हणूनच जुन्या मोबाइलच्या दुरुस्तीला नव्याइतके पैसे पडले की ती आजही आठवते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि आणा हिशेबातून गेला. चार आण्यांच्या जागी आलेले पंचवीस पैशांचे नाणेही ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाले. म्हणीतल्या कोंबडीचा भाव मात्र तोच राहिला.

कंजूषपणाला म्हणींनी कधीच मान दिला नाही. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ हा तर उघड टोमणा आहे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हणणारी हीच भाषा ‘दात कोरून पोट भरत नाही’ असेही बजावते. दोन्ही खरे आहे: तळे साचायला आधी पाऊस पडावा लागतो, मिळकतच तुटपुंजी असेल तर काटकसर तरी किती पुरणार?

मैत्रीकडे म्हणी जरा कठोरपणे पाहतात. ‘असतील शिते तर जमतील भुते’ यातले शीत म्हणजे शिजलेल्या भाताचा कण. उताऱ्याच्या दहीभातावर भुते येतात, या समजुतीचा आधार घेऊन म्हण भरल्या घरी जमणाऱ्या गोतावळ्याला ओळखते. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही गोठ्यातली म्हण अधिक खोल आहे. शेजारच्या बैलाचा रंग लागत नाही, सवयी लागतात. सोबत निवडताना एवढे भान पुरे.

एका ठिकाणी मात्र म्हण अपुरी पडते. ‘ऋण काढून सण करणे’ या बोलातून कर्जाचा सारा दोष कर्जदाराच्या हौसेवर येतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले आणि हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. त्या कर्जांमागे सरकारने वाढवलेला शेतसारा होता. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते आणि सावकारांनीही हात आखडता घेतला होता. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.