पंपात खडे वाजू लागले तर

घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावचा परिसर गोदावरीच्या उत्तरेकडील मुलुखात मोडतो. आंबे बहार धरलेल्या मोसंबीची फळे चैत्र-वैशाखात अगदी लहान असतात व पाण्याचा ताण पडला की गळू लागतात. विहिरीही नेमक्या त्याच दिवसांत खोल जातात. अशा वेळी कालपर्यंत निमूटपणे चालणारा काठावरचा पंप, आत मूठभर खडे टाकावेत तसा खडखडू लागतो आणि धार बारीक होते. बेअरिंग गेले असे समजून ते बदलले जाते. खर्च होतो; आवाज मात्र तसाच राहतो.

या दोषास कॅव्हिटेशन म्हणतात. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः पंप आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि विहिरीतील पाण्यावरील हवेचा भार ते पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा भार सुमारे 10.3 मीटर पाण्याइतका असतो. मराठवाड्याच्या पठारावर तो साधारण अर्ध्या मीटरने कमी भरतो. उपसा फार खोल झाला, की पंख्याच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की थंड पाणीही तेथे उकळते. त्या वाफेचे बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या जागी जाऊन फुटतात आणि त्यांचे घाव धातूवर बसतात. काही हंगामांत पंख्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात.

प्रथम हा त्रास जहाजांना झाला. इंग्लंडात पार्सन्स यांची ‘टर्बिनिया’ नौका 1894 मध्ये पाण्यात उतरली, तेव्हा तिचा पंखा फिरे पण नौकेला अपेक्षित वेग येईना. पुढे 1917 मध्ये लॉर्ड रॅले यांनी बुडबुडा मिटताना किती प्रचंड दाब उत्पन्न होतो याचे गणित मांडले. पाण्याचा झोत मागे फेकून चालणाऱ्या लहान नावेच्या पोटातही एक पंपच असतो. तिच्या जाळीत गवत अडकले, की विहिरीवरच्या पंपासारखीच तिची गत होते.

कारण शोधताना प्रथम डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू थोडा बंद करून पाहावा. आवाज निवळला तर दोष कॅव्हिटेशनचा असण्याचा संभव फार. न निवळल्यास सक्शन पाइपाचे सांधे व ग्लँड तपासावे, कारण तेथून हवा शिरली तरी पंप कुरकुरतो. सक्शनला निर्वात मोजण्याचे घड्याळ असल्यास काम सोपे होते. काटा 500 मिलिमीटर पारा दाखवीत असेल, तर पंपावर 6.8 मीटरचा भार पडत आहे. पाण्यापासून पंपापर्यंतची उंची पाचच मीटर भरली, तर उरलेला 1.8 मीटर पाइप, बेंड व फुटव्हॉल्व्ह यांनी खाल्ला असे समजावे. हवा शिरत असल्यास मात्र काटा खाली राहतो व डळमळतो.

भार वाटेत खर्ची पडत असेल तर फुटव्हॉल्व्हची जाळी काढून शेवाळ व पालापाचोळा साफ करावा; वाजवीपेक्षा जास्त बेंड असल्यास काढून टाकावेत. पाइप अरुंद असल्यास बदलणे हिताचे. 65 मिलिमीटरऐवजी 80 चा पाइप घातला, तर तितक्याच पाण्याला होणारे घर्षण सुमारे एक तृतीयांशावर येते. पाइपात चार पैसे वाचवून पंखे बदलत बसणे हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. आणखी एक चूक वारंवार दिसते. उंच चढविण्यासाठी घेतलेला पंप सपाट जागी मोकळ्या पाटात सोडला जातो. तो गरजेपेक्षा अधिक पाणी फेकतो आणि तोंडाशी उपाशी राहतो. येथे डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून ठेवणे हाच उपाय.

वाट निर्वेध असूनही उंची सहा मीटरांच्या वर जात असेल, तर पंप विहिरीत खाली नेऊन भक्कम ओट्यावर बसविल्याखेरीज गत्यंतर नाही. पंप हलविण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून घ्यावेत. पंप कितव्या हातावर बसविला त्याची खूण काठावर करून ठेवावी आणि मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी तो पुन्हा वर घ्यावा. पहिल्या जोराच्या पावसातच विहीर चढली, तर मोटर पाण्याखाली जाईल.