ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर सकाळी उभं राहिलं की मराठवाड्याचा वैद्यकीय इतिहास कॅरीबॅगांमधून समोरून जाताना दिसतो. हिंगोली, परभणी, जालना, पलीकडचा बुलढाणा. माणसं कुठूनही आलेली असोत, हातात पिशवी असतेच. कुणाची साडीच्या दुकानाची, कुणाची बियाण्याच्या कंपनीची. आत एक्स-रेची गुंडाळी, गावच्या डॉक्टरची चिठ्ठी, सोनोग्राफीचा रिपोर्ट, मागच्या खेपेचं डिस्चार्ज कार्ड. डॉक्टरांनी ‘आधीचे कागद?’ म्हटलं की पिशवी टेबलावर रिकामी होते. अगदी सगळी नाही. एखादी बाई एक-दोन कागद तळाशीच राहू देते: टीबीचा जुना कोर्स, मानसोपचाराच्या गोळ्या, लग्नाआधीचा गर्भपात. सासू शेजारीच उभी असते ना.

पिशवी हरवते, भिजते, एसटीत विसरते. पण काय दाखवायचं आणि काय नाही, हे तिच्यात पहिल्यापासून मालकिणीच्या हातात होतं. देशाची नवी डिजिटल आरोग्य व्यवस्था नेमका हाच अधिकार संगणकात बसवू पाहते आहे. तो कसा बसवला आहे हे समजून घ्यायला लागलं की माणूस थक्क होतो.

१५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून ही योजना जाहीर झाली, आणि २७ सप्टेंबर २०२१ ला ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावानं देशभर सुरू झाली. तिच्यातला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक २०२५ उजाडेपर्यंत ७० कोटींहून जास्त वेळा काढला गेला होता. बहुतेकांची समजूत अशी की दिल्लीत कुठेतरी एक प्रचंड संगणक आहे आणि आपले सगळे रिपोर्ट तिथे जाऊन पडतात. तसं नाही. रचनाच अशी आहे की ज्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये नोंद तयार झाली, तिथेच ती राहते. आभा फक्त सांगतो की या माणसाचे कागद कुठे कुठे आहेत.

मग जालन्याच्या लॅबमधला रिपोर्ट संभाजीनगरच्या डॉक्टरला दिसतो कसा? डॉक्टर विनंती पाठवतो, ती पेशंटच्या ॲपवर येते, आणि पेशंटनं ‘हो’ म्हटलं की त्या होकाराचा एक स्वतंत्र दस्तऐवज तयार होतो, डिजिटल सहीसकट. त्यात लिहिलेलं असतं: कोण मागतंय, कशासाठी मागतंय, कोणत्या प्रकारचे कागद (औषधाची चिठ्ठी, तपासणी, डिस्चार्जचा सारांश, लसीकरण), कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे, ही परवानगी कधी संपणार आणि घेतलेली माहिती कधी पुसून टाकायची. विनंती जशीच्या तशी मान्य करण्याची सक्ती नाही. तारखा बदलता येतात, एखादा प्रकार वगळता येतो. पिशवीच्या तळाशी कागद ठेवण्याची सोय इथेही आहे, आणि इथे तिला कायद्याच्या भाषेतली मुदत आहे. शस्त्रक्रियेआधी ‘इथे सही करा’ म्हणून पुढे सरकवलेला बारीक अक्षरांतला फॉर्म ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही बारकाई चैनीची वाटेल.

खरी गंमत त्यानंतर आहे. परवानगी सांभाळणारी यंत्रणा कागद स्वतः पाहत नाही. मोहोरबंद लखोटा पोचवणाऱ्या पोस्टमनइतकंही तिच्या हाती नसतं, कारण लखोटा तिच्या हातातून जातच नाही. लॅबकडून तो थेट डॉक्टरकडे जातो, तोही कुलूपबंद. या कुलपाची किल्ली दोन्ही संगणक त्या वेळेपुरती तयार करतात. पूर्वी कधी न भेटलेले दोघं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून, फक्त त्या दोघांनाच कळेल असं गुपित ठरवू शकतात, हे व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं. आभाच्या व्यवस्थेत त्यासाठी जो गणिती वक्र वापरतात, तो एका अविभाज्य संख्येवर उभा आहे: २ चा २५५ वा घात, वजा १९. तुमचा थायरॉइडचा रिपोर्ट या संख्येच्या पहाऱ्यात प्रवास करतो.

एवढं सगळं, आणि दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर काय होतं? ‘आजी, मोबाईल बघा, ओटीपी आला असंल. सांगा.’ आजीचा मोबाईल नातवाकडे. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, तो वाळूजला कंपनीत. त्याला फोन लागतो, तो सहा आकडे सांगतो, आजी ते मोठ्यानं म्हणते, मागच्या रांगेलाही ऐकू जातात. कशासाठी, हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. २०२१ च्या लसीकरणातही असंच झालं होतं. आधार दाखवून लस घेतलेल्या कित्येकांच्या सर्टिफिकेटवर आरोग्य क्रमांक छापून आला, आणि तो कधी काढला हे त्यांना आठवेना, कारण वेगळं विचारलंच गेलं नव्हतं. आभा ऐच्छिक आहे, तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, हे सरकारचंच धोरण. खिडकीवर ते कुठे लिहिलेलं असतं?

मला कागद ठेवलेल्या तिजोरीपेक्षा या मोबाईलची काळजी जास्त वाटते. तिजोऱ्या फुटतात, हे खरंच. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वात मोठ्या रुग्णालयांपैकी एकाचा कारभार काही दिवस हातानं लिहून चालला. पण आपल्याकडे फोन घराचा असतो, आणि आजार एकेकट्या माणसाचा.

म्हणून नोंदच नको, असं नाही. नोंद नसण्याचे हाल आपल्याच विभागानं पाहिलेत. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कुठल्या दवाखान्यात, कोणत्या कारणानं, हे आधीपासून एकत्र नोंदलेलं असतं तर हा आकडा इतका फुगण्याआधी कुणाच्या तरी डोळ्यात भरला असता. पण हीच नोंद टोळीच्या मुकादमाच्या कानावर जावी असं त्यातल्या एकीला तरी वाटेल का?

नाव खोडलं की झालं, असंही नाही. अमेरिकेत लटान्या स्वीनी यांनी १९९७ च्या सुमारास नावं काढून टाकलेल्या रुग्णालयीन नोंदी मतदारयादीशी ताडून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचीच फाईल शोधून काढली होती. लागलं काय, तर जन्मतारीख, पिनकोड आणि लिंग. आइसलँडमध्ये तर एका मुलीनं आपल्या मृत वडिलांच्या नोंदी राष्ट्रीय आरोग्यसाठ्यात घालायला हरकत घेतली. वडिलांचं रक्त तिच्यात आहे, त्यांच्या कागदांतून तिच्याबद्दलही कळतं, हे तिचं म्हणणं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये मान्य केलं. म्हणजे पिशवी एकाची, कागद मात्र पुढच्या पिढीचेही.

आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र आरोग्याची माहिती वेगळ्या, जास्त नाजूक वर्गात ठेवलेली नाही. आधीच्या मसुद्यांत ती तशी होती. हे मला खटकतं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर दीड वर्षाची सवड आहे.

एस्टोनियात रुग्ण आपल्या फाईलमध्ये लॉगिन करून बघू शकतो की ती कोणी, कधी उघडली. आपल्या आभा ॲपमध्ये दिलेल्या परवानग्या दिसतात, रद्दही करता येतात. पण कागद एकदा रुग्णालयात पोचला की तिथल्या कोणत्या संगणकावर, कोणत्या शिफ्टमध्ये, कुणी तो उघडून वाचला, हे पेशंटच्या फोनवर अजून येत नाही.