गृहपाठाची वही म्हणजे साक्ष

इतिहासाचा गृहपाठ गाइडमधून वहीत आणि इंग्रजीचा निबंध फळ्यावरून वहीत, अशी रीत आपल्या खेड्यापाड्यांतल्या हायस्कुलांत पडून गेली आहे. वही भरते, सही होते, गुण मिळतात. मुलाच्या डोक्यात काय शिरले, हे कोणी विचारत नाही. बारामती तालुक्यातील लोणी भापकरचे पोर असो की इंदापूरच्या एखाद्या वस्तीवरचे, त्याच्या वहीतले उत्तर आणि शेजाऱ्याच्या वहीतले उत्तर काना-मात्रेसह सारखे असते. कोर्टात दोन साक्षीदार शब्दाला शब्द सारखे बोलू लागले की आम्हा वकिलांना लगेच वास येतो, साक्ष पढवलेली आहे! शाळेत मात्र त्याच पढवलेल्या साक्षीला पैकीच्या पैकी गुण पडतात.

गृहपाठ ही किरकोळ बाब आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी 1855 साल आठवावे. त्या वर्षी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ने छापला. एका शाळकरी मुलीचे लेखन! पण त्यात पेशवाईतल्या छळाची हकीकत आहे, बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांचे हाल आहेत, आणि वेदांवर आमचा अधिकार नाही तर आमचा धर्म कोणता, हा बिनतोड सवाल आहे. आज अभ्यासक त्या निबंधाकडे इतिहासाचा अस्सल पुरावा म्हणून पाहतात. तिने जर कुणाचे तयार उत्तर उतरवून काढले असते, तर त्या काळातील एक साक्ष कायमची बुडाली असती.

दुसरे उदाहरण बाबासाहेबांचे. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवाद-वर्गात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तोही वर्गासाठी केलेला अभ्यासच होता. जातीच्या उत्पत्तीविषयी नामांकित पंडितांनी केलेल्या व्याख्या त्यांनी त्यात एकेक करून तपासल्या, त्यांतील उणिवा दाखवल्या आणि मग स्वतःचे मत मांडले. मोठ्या नावापुढे मान तुकवायची नाही, आधी पुरावा मागायचा, ही शिस्त त्यांनी विद्यार्थिदशेतच बाणवली होती.

ही शिस्त पुढे किती कामाला आली, ते महाडच्या खटल्यात दिसते. 1927 च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, असे त्यांचे म्हणणे. प्रतिवादींत खुद्द बाबासाहेब. वाद कायद्याचा होता, पण त्याचा गाभा इतिहासाचा होता. ही रूढी खरोखर अनादी आहे काय? कोणत्या कागदावरून? कोणाच्या साक्षीवरून? अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. ‘पूर्वापार चालत आले आहे’ हे वाक्य पुराव्याच्या पहिल्याच धक्क्याला कोसळले. आमच्या मते इतिहासाच्या तासाला याहून चांगला धडा नाही.

आता लोणी भापकरकडे वळू. तालुक्याच्या पश्चिमेकडील या जिरायती पट्ट्यात पाण्याची किंमत पोरासोरांनाही कळते. याच गावात मल्लिकार्जुनाचे जुने दगडी देऊळ आहे, पुष्करणी आहे, यज्ञवराहाची मूर्ती आहे, वीरगळ आहेत. बाहेरून अभ्यासक येऊन फोटो काढून जातात. मग गावच्या मुलांना गृहपाठ म्हणून हेच का देऊ नये? वीरगळावर काय कोरले आहे ते पाहून लिहा. पुष्करणीचा दगड कोणी फोडला असेल, कोणी वाहिला असेल? हे पाणी कोण भरत असे, कोणाला मनाई होती काय? गावातल्या पाच म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांत बौद्धवाड्यातली आजी असू द्या, मातंग वस्तीतला आजोबा असू द्या. मग वर्गात दोन बाजू करा. एकाने मांडावे, दुसऱ्याने उलटतपासणी घ्यावी. डोळ्यांनी पाहिलेले कोणते, ऐकीव कोणते आणि नुसते वाटलेले कोणते, हा फरक नववी-दहावीच्या मुलाला अर्ध्या तासात कळतो. त्याला गाइड लागत नाही.

अभ्यासक्रम आड येतो, ही सबब चालणार नाही. 2018 साली आलेल्या दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरांपासून झाली. साधने कशी तपासावीत, वंचितांचा इतिहास म्हणजे काय, हे त्यात होते. पण पुरावा तपासा असे सांगणारा धडाच मुलांनी रिकाम्या जागा भरण्यासाठी पाठ केला! भाषा आणि समाजशास्त्राचे शाळांच्या हातातले 20 गुण काढले तेव्हा 2019 मध्ये दहावीचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. गदारोळ झाला, गुण परत मिळाले. त्या गुणांसाठी मुले वर्गात खरोखर बोलतात का, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात कोणी विचारला नाही.

इंग्रजीचेही तेच. 2000 साली प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आली. खेड्यातल्या मुलांच्या दृष्टीने तो मोठा निर्णय होता. आज पाव शतक उलटले, तरी दहावीचे पोर पाठ केलेल्या निबंधापलीकडे चार वाक्ये स्वतःची बोलायला कचरते. संविधानाच्या अनुच्छेद 348 नुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. आपल्याच जमिनीचा निकाल आपल्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, ही लाचारी आम्ही पक्षकारांच्या चेहऱ्यावर रोज पाहतो. म्हणून वीरगळाचा अहवाल मराठीत लिहिल्यावर त्यातली दहा वाक्ये मुलाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत मांडावीत. चुका होऊ द्या. उसन्या शुद्ध वाक्यापेक्षा स्वतःचे अशुद्ध वाक्य लवकर सुधारते.

चौकस बुद्धी जोपासणे हे अनुच्छेद 51 क प्रमाणे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. मुलाला भयमुक्त ठेवावे, मत मोकळेपणी मांडू द्यावे, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा कलम 29 मध्ये सांगतो. तरीही प्रश्न विचारणारे पोर ‘आगाऊ’ ठरते, आणि ते आपल्या वस्तीतले असेल तर जरा जास्तच. मागच्या बाकावरची मुलगी वर्षभर गप्प बसून पास होत असेल, तर दोष तिचा नव्हे.

पालकांनी यासाठी इंग्रजी शिकलेले असण्याची गरज नाही. आज संध्याकाळी पोराची वही उघडून एवढेच विचारावे : बाळा, यातले तुझे वाक्य कोणते? आणि त्याला दाखवता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी हातातले काम टाकून शाळेत जावे आणि गुरुजींना नम्रपणे, पण ठामपणे, तोच प्रश्न विचारावा.