फोटो चांगला, पण गट कोणता?

१९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. त्या सुमाराला फोटो स्पर्धांच्या जाहिराती दिसू लागतात. मोबाइल आता घरोघरी आहे, तेव्हा आपणही भाग घ्यायला हरकत नाही. फक्त फोटो पाठवण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ, ती म्हणजे स्पर्धेतले गट.

रांगोळी स्पर्धेत ठिपक्यांची रांगोळी आणि मुक्तहस्त रांगोळी वेगवेगळ्या तपासतात. फोटोचंही तसंच आहे. निसर्ग, वन्यजीव, प्रवास, कृष्णधवल, खुला असे गट असतात आणि प्रत्येकाचे नियम निराळे. फोटो गटात बसला नाही, तर तो कितीही देखणा असला तरी बाद होतो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘निसर्ग’ या शब्दाने. आपल्याला वाटतं, हिरवंगार भाताचं शेत म्हणजे निसर्ग. दारातली जास्वंद, गोठ्यातलं वासरू, बांधावर चरणारी शेळी, हाही निसर्गच. पण फियाप, पीएसए आणि आरपीएस या छायाचित्रकारांच्या मोठ्या संस्थांनी मिळून निसर्ग गटाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात यातलं काहीच बसत नाही. माणसाने लावलेलं पीक नको, संकरित फुलझाड नको, पाळीव जनावर नको, पेंढा भरलेला प्राणी नको. चित्रात माणूस किंवा माणसाने केलेली वस्तूही नको. अनेक स्पर्धा हीच व्याख्या वापरतात.

याला एक सवलत आहे. माणसाने बदललेल्या जागेत जे जीव राहायला शिकले, त्यांच्या गोष्टीत ती जागा दिसली तर चालते. जुन्या वाड्याच्या कोनाड्यात बसलेलं गव्हाणी घुबड असेल, तर तो कोनाडा त्याच्या जगण्याचा भाग आहे.

वन्यजीव गट याहून कडक. तिथे प्राणी मोकळा हवा. प्राणिसंग्रहालयातल्या वाघाचा फोटो त्या गटात चालत नाही. नुसता डोंगर किंवा नदीही चालत नाही.

मग शेताचा, शेळीचा फोटो वाया गेला का? मुळीच नाही. लावणी करणाऱ्या बायका, बाजारात निघालेली बैलगाडी, चुलीपुढची आजी हे फोटो लोकजीवन, शेती किंवा खुल्या गटात पाठवा. तिथे त्यांचं मोल आहे.

दुसरा मुद्दा फोटोत बदल करण्याचा. निसर्ग गटात कडा कापता येतात, उजेड थोडा कमी-जास्त करता येतो. पण मध्ये आलेली विजेची तार पुसायची नाही आणि आकाशात नसलेला पक्षी चिकटवायचा नाही. कृष्णधवल गटात पूर्ण चित्रावर एकच रंगछटा चढवलेली चालते. मात्र काळ्यापांढऱ्या चित्रात फक्त कुंकू लाल ठेवलं, तर तो फोटो रंगीत धरला जातो.

हे नियम मोठमोठ्यांनाही सुटत नाहीत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला सर्वोच्च मान मिळाला. पुढे परीक्षकांना वाटलं, की तो शिकवलेला लांडगा असावा. बक्षीस काढून घेतलं. २०१७ साली रात्री वारुळाशी आलेल्या मुंगीखाऊचा फोटो ‘परिसरातील प्राणी’ या गटात पहिला आला. तो प्राणी पेंढा भरलेला असावा, असा तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला आणि २०१८ मध्ये तोही बाद झाला. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले, पण निर्णय बदलला नाही.

आता यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, चित्रं बनवून घेता येतात. २०२३ साली सोनी जागतिक छायाचित्र पुरस्कारांत एका जर्मन कलाकाराचं चित्र आपल्या गटात जिंकलं. ते एआयचं असल्याचं सांगून त्याने बक्षीस नाकारलं. २०२४ मध्ये उलट घडलं. एकाने फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो मुद्दाम एआयच्या गटात पाठवला. त्याला बक्षीसही मिळालं, पण खरं कळल्यावर तो बाद झाला. बघा, खरा फोटोसुद्धा चुकीच्या गटात टिकला नाही.

म्हणून पाठवण्याआधी एवढं करा:

• नियमांचा कागद गटातल्या एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. ‘चालणार नाही’ असं जिथे लिहिलंय, तिथे खूण करा.
• मूळ फोटो मोबाइलमधून काढून टाकू नका. शंका आली तर परीक्षक तो मागतात.
• व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो. तिथूनच पाठवायचा असेल, तर डॉक्युमेंट म्हणून जोडा.
• मोबाइल कुणाचाही असो, फोटो जिने काढला तिच्याच नावाने द्या. १९५७ चा कॉपीराइट कायदा फोटो काढणारीलाच त्याची कर्ती मानतो.
• फोटोत कुणाचा चेहरा असेल तर तिला आधी विचारा. मूल असेल तर आईवडिलांना विचारा.
• आयोजक फोटो पुढे कुठे आणि किती काळ वापरणार, तेही वाचा.

एवढं करूनही गट ठरत नसेल, तर आयोजकांना फोन करून सरळ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. बक्षीस मिळेल न मिळेल, पण आपला फोटो परीक्षकांसमोर तरी पोहोचला पाहिजे. नियम न वाचल्यामुळे तो दारातूनच परत येऊ नये.