अकरा महिन्यांचे बिऱ्हाड आणि ओली भिंत

तळेगाव दाभाडे येथे बिऱ्हाड शोधणाऱ्याला निवडीस वाव पुष्कळ आहे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. एकीकडे सेनापती दाभाड्यांचे जुने गाव, दुसरीकडे द्रुतगती मार्गाच्या ओढीने उभी राहिलेली नवी संकुले, आणि या दोहोंच्या मध्ये स्टेशनच्या अंगाने पसरलेल्या तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती. नव्या संकुलाचे भाडे न पेलणारा कारकून, औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार आणि हवापालटासाठी येऊन येथेच रमलेला निवृत्त गृहस्थ अखेर या जुन्या इमारतींच्याच जिन्यात एकमेकांस भेटतात. खोल्या ऐसपैस, भाडे माफक आणि १९७८ पासून धावणारी पुणे-लोणावळा लोकल पायी गाठता येण्याजोगी. एवढ्यावर सौदा ठरतो.

सौद्याची दुसरी बाजू मावळातला पहिला पाऊस दाखवितो. गच्चीतून झिरपणारे पाणी भिंतीत उतरते, कपाटामागे बुरशी धरते. या भिंतीचा खर्च कोणी करावयाचा? भाड्याने राहणाऱ्याचा करार अकरा महिन्यांचा. पुढल्या पावसाळ्यात आपण येथे असू की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, तो पदरचे पैसे भिंतीत कशाला घालील? मालक बहुधा परगावी, आणि त्याचाही हिशेब चुकीचा म्हणता येत नाही : हा गेला तर दुसरा येईल, रंगाचा एक हात दिला की ओल महिनाभर तरी झाकेल. उरली सोसायटी. तिच्या सर्वसाधारण सभेला मालक फिरकत नाही आणि जो तेथे प्रत्यक्ष राहतो त्याला मत नाही. गच्चीच्या दुरुस्तीचा ठराव वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो तो यामुळे. सदनिका भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून घ्यावयाचे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे शासनाने २००१ मध्ये ठरवून दिले. ते योग्यच होते, परंतु सभासदाच्या गैरहजेरीवर तो उपाय नव्हे.

यातला विरोधाभास असा की, एका पिढीपूर्वी नेमक्या उलट कारणाने भिंती ओल्या राहत होत्या. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडून टाकले. भाडेकरू पक्का, भाडे नाममात्र, आणि म्हणून चाळमालकाने दुरुस्तीकडे पाठ फिरविली. भाडे असे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हणेपर्यंत १९९७ चा डिसेंबर उजाडला. पूर्वी स्थैर्याचा अतिरेक, आज त्याचा अभाव. भिंत मात्र दोन्ही वेळी ओलीच!

मालकांना अकरा महिन्यांचे एवढे वेड का, याचीही कारणे शोधली पाहिजेत. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविलाच पाहिजे, असे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. ती नोंदणी टाळण्यासाठी एक महिना कमी करण्याची पळवाट निघाली. तिच्या जोडीला भीती आली. १९७३ च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस ताब्यात असलेल्या परवानेदारांना भाडेकरूचा दर्जा बहाल केला आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’वर दिलेली जागा हातची गेली, असा धडा मालकवर्गाने गिरविला. ही धास्ती निराधार नव्हती, पण ती आज कालबाह्य झाली आहे. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, मग मुदत अकरा महिन्यांची का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास दुप्पट शुल्क भरावे लागते व सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत बाहेर काढता येते. हे संरक्षण अकरा महिन्यांच्या कराराला जितके, तितकेच तीन वा पाच वर्षांच्या कराराला आहे. मुद्रांक शुल्काचा दरही साठ महिन्यांपर्यंत तोच. मग अकरा महिन्यांनी मालकाच्या पदरात पडते काय? दरसाल दलालाची दलाली आणि मधले रिकामे दिवस.

रिकाम्या दिवसांची किंमत तळेगावला ठाऊक आहे. जनरल मोटर्सच्या येथील कारखान्यातून २००८ मध्ये मोटारी बाहेर पडू लागल्या, २०२० अखेर उत्पादन थांबले, आणि तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. अशा गावात, टिकून राहणारा बिऱ्हाडकरू ही मालकाचीही गरज आहे. नोकरी सुटल्यास बिऱ्हाडकरूला महिन्याची नोटीस देऊन मोकळे होता यावे, एवढी सोय करारात असली की मुदत लांबविण्यात त्याचेही नुकसान नाही.

राहिला दुरुस्तीचा प्रश्न. जागा राहण्यायोग्य ठेवण्याचे कर्तव्य कलम १४ ने घरमालकावर टाकले आहे. नोटीस देऊनही त्याने ते टाळल्यास भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतची रक्कम वळती करता येते. पण ही सवलत भाडेकरूला आहे आणि अकरा महिन्यांवर राहणारा कायद्याच्या लेखी भाडेकरू नसून केवळ परवानेदार आहे. अर्थात तेच कलम उभय पक्षांनी आपल्या करारात शब्दशः उतरवून घेण्यास कोणताही कायदा आड येत नाही. करार नोंदणीला जाण्यापूर्वी, त्याच्या मसुद्यात त्यासाठी चार ओळी पुरतात.